केशोरीच्या बांधीत फुटलेलं इंजिन

आमच्या घरी ट्रॅक्टरच्या इंजिनात कोणतं तेल घालायचं आणि ते कधी बदलायचं, यावरून एक माणूस मरता मरता राहिला. हे सांगितलं की लोक हसतात. तेलावरून कोणी जीव घेतं का, म्हणतात. त्यांनी माझा मोठा भाऊ पाहिलेला नसतो.

केशोरीत आमची धानाची शेती. बाप लवकर गेला, आणि घर भाऊच्या हातात आलं. हात फार जड होता त्याचा. मी शाळेत असताना नांगराचा एक बैल बांधीतच, धानाच्या खाचरातच, बसला, काही केल्या उठेना. भाऊनं आधी तुतारीचा खिळा टोचला, मग लाथा घातल्या, आणि शेवटी शेजारच्या बैलबंडीची उभारी, बाजूचा उभा दांडा, उपसून बैलाच्या तोंडावर हाणली. बैलाचा डोळा गेला. संध्याकाळी तोच भाऊ गोठ्यात त्या डोळ्यात हळद भरत हमसून हमसून रडत होता. राग उतरला की तो असा रडायचा. आम्हाला त्या रडण्याचीही धास्ती वाटायची, कारण त्यानं काही बदलायचं नाही.

वहिनी कामठ्याकडची, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. तिच्या माहेरी घरात पोवारी बोलतात. आमच्याकडे आली तेव्हा आमची बोली तिला नवी, म्हणून ती कमी बोलायची. पुढे बोली आली, पण बोलणं कमीच राहिलं. आंघोळीचं पाणी जास्त तापलं म्हणून मार, भाजीत मीठ कमी म्हणून मार. एकदा कानातलं ओढून त्यानं तिच्या कानाची पाळी फाडली. तिनं रक्त पदरानं दाबलं आणि भात वाढला.

मी घरातून पळालो तो सडक अर्जुनीला. तिथं रायपूर रोडवर ढाब्यांपुढे ट्रकांच्या रांगा लागतात. आधी क्लीनर झालो, मग ड्रायव्हर. ज्या उस्तादाच्या हाताखाली शिकलो तो रोज सकाळी इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढायचा, तेलाचा थेंब दोन बोटांत चोळायचा आणि नाकाशी धरायचा. "तेल बोलते," म्हणायचा, आणि मला वास घ्यायला लावायचा. जळालेल्या तेलाचा वास वेगळा, पाणी शिरलेल्याचा रंग वेगळा, हे मी तिथं शिकलो.

मग एका वर्षी भाऊचा फोन आला. त्यानं जुना ट्रॅक्टर घेतला होता.

"ये घरी. ट्रॅक्टर आणला. गावभराची चिखलणी आपल्याकडंच येऊन राहिली. मी एकटा किती चालवू?"

मी गेलो. आजही कोणी विचारलं तर सांगतो, वहिनीसाठी गेलो. घरात कोणी तिसरं माणूस असलं तर मार थोडा कमी पडेल, असं वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी मी ट्रॅक्टरची पट्टी काढून पाहिली. तेल डांबरासारखं काळं.

"भाऊ, तेल कधी बदललं होतं?"

"तेल का लुगडं हाय, बदलाले? कमी झालं का टाकतो वरून."

वरून तो जे टाकायचा ते खुलं तेल होतं. आमच्या तालुक्याच्या अर्जुनीत, सडक अर्जुनी वेगळी, एका दुकानात ड्रममधून डबकीत ओतून द्यायचे. कोणत्या नंबरचं, कुठलं, नवं की कुणाच्या इंजिनातून काढून गाळलेलं, काही पत्ता नाही. मी ट्रॅक्टरचं पुस्तक शोधून काढलं. त्यात तेलाचा नंबर होता, आणि अडीचशे तास चाललं की तेल आणि फिल्टर दोन्ही बदला, असं होतं. मी स्टिअरिंगसमोरचं तासांचं मीटर बोटानं दाखवलं. म्हटलं, हे पाहा, हे तास मोजते, याच्यावरून समजते.

भाऊच्या हातात पाना होता. त्यानं तो त्या मीटरच्या काचेवर हाणला. काच फुटली, काटा वाकला.

"आता मोज," तो म्हणाला. "ट्रकवाल्यायची अक्कल अथी नको. ट्रॅक्टर माया हाय. मले समजते त्याले काय पाह्यजे."

काही दिवसांनी अर्जुनीला गेलो तेव्हा पुस्तकातला नंबर सांगून सीलबंद डबा घेतला, सोबत फिल्टर घेतलं, आणि अंगणात आणून ठेवलं. वाटलं होतं, समोर आलेला डबा पाहून तरी तो विचार करेल. तो बैठकीतून उठून आला, डब्याचं सील नखानं उचकटलं, झाकण काढलं आणि डबा लाथेनं उडवला. नवं कोरं तेल, मधासारखं, साऱ्या अंगणात पसरलं. कोंबड्या त्यातून धावल्या. एक पिल्लू त्यात पंख फडफडवत राहिलं आणि जागेवरच मेलं. वहिनी सुपात कोंडा घेऊन आली आणि तेलावर टाकत गेली. भाऊनं येऊन ते सूपही लाथाडलं. तिनं पुन्हा कोंडा गोळा केला आणि पुन्हा टाकला. तिनं वर पाहिलं नाही, पण तिचे जबडे हलत होते. दात खात होती.

त्या वर्षी पाणी उशिरा आलं, आणि आलं ते एकदम. साऱ्या गावाला एकाच वेळी चिखलणी हवी. उपटलेले पऱ्हे, धानाची रोपं, बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर जुड्या बांधून पडलेले, ते वाळण्याआधी रोवणा व्हायला हवा, त्यामुळे लोक पहाटेपासून दारात. ट्रॅक्टरला लोखंडी चाकं लावली होती. गुडघाभर चिखलात ती फिरायची आणि इंजिन दिवसभर कण्हायचं. मी आणि भाऊ आळीपाळीनं चालवायचो.

एका सकाळी मी पट्टी काढली आणि थबकलो. तेल वरच्या खुणेच्याही वर आलं होतं. आदल्या दिवशी कोणी तेल घातलं नव्हतं. थेंब बोटांत चोळला तर चिकटपणाच नाही. नाकाशी धरला तर डिझेलचा वास. म्हणजे डिझेलच्या पंपातलं रबर फाटलं होतं आणि डिझेल आतल्या आत तेलात उतरत होतं. तेल पाण्यासारखं पातळ झालेलं, आणि त्याच्यावर आम्ही दिवसभर लोखंडी चाकं ओढवत होतो.

भाऊ दात घासत होता. मी म्हटलं, "भाऊ, तेल वाढून राहिलं."

"मंग चांगलंच हाय. वरून टाकाचं काम नाई."

"तेल कधी आपोआप वाढते का? त्यात डिझेल जाऊन राहिलं. आज चालवला तं इंजन जाईन. आज बंद ठेवू. पंप दुरुस्त करू, तेल काढू, नवं टाकू. एका दिवसाचं काम हाय."

शेजारचा शेतकरी दारातच उभा होता, त्याची बांधी त्या दिवशी होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग भाऊकडे. त्याचे पऱ्हे दोन दिवसांपासून उपटलेले होते. भाऊला लोकांपुढे बंद हा शब्द ऐकायचा नव्हता. त्यानं तोंडातला फेस थुंकला आणि माझ्या कानाखाली वाजवली. कानात शिटी वाजली ती दुपारपर्यंत थांबली नाही.

"काऊन बंद? तुया बापानं ठेवला होता का बंद?"

बाप तर दोघांचाही एकच. पण तसं म्हणायची ती वेळ नव्हती. भाऊ स्वतः ट्रॅक्टर घेऊन गेला. मी मागून चालत गेलो.

शेजाऱ्याच्या बांध्या एकाखाली एक उतरत गेलेल्या. वरच्या बांधीत चिखलणी झालेली आणि तिथं बाया ओळीनं रोवणा करत होत्या. त्यांच्यात वहिनीही होती, कारण त्या शेजाऱ्याच्या घरच्या बाया आमच्या रोवण्याला येणार होत्या. खालच्या बांधीत भाऊ. मी धुऱ्यावर उभा होतो. दुपार चढली तसा इंजिनाचा आवाज बदलला. कण्हण्याच्या आत एक ठक-ठक ऐकू यायला लागली, कोणी आतून घणानं दार ठोकावं तशी.

मी धुऱ्यावरून चिखलात उडी मारली आणि दोन्ही हात हलवत धावलो. "बंद कर! भाऊ, बंद कर! तेलाचा लाल दिवा पाहा!"

दिवा लागलेला होता. त्यानं तो पाहिला, हे मला ठाऊक आहे, कारण त्यानं मान खाली घातली आणि पुन्हा वर करून माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्याकडे पाहत पाहतच त्यानं ॲक्सिलेटर दाबला.

इंजिन फुटलं. आतला लोखंडी दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. त्याचा एक तुकडा माझ्या बाजूनं सणसणत गेला आणि धुऱ्याच्या मातीत घुसला. काळं उकळतं तेल कारंज्यासारखं उडालं आणि भाऊच्या पायावर सांडलं. तो किंचाळला. वरच्या बांधीतल्या बाया पऱ्हे टाकून पळाल्या, एक म्हातारी चिखलात आडवी झाली. पांढरा धूर साऱ्या बांधीवर पसरला. ट्रॅक्टर एकदा हादरला आणि मेला.

भाऊ खाली उतरला. एका पायाची कातडी घोट्यापासून सुटलेली. तशा पायानं तो चिखलातून ट्रॅक्टरच्या मागं गेला, पेटी उघडली आणि चाकाचा लांब पाना काढला.

"तूच टाकलं काहीतरी इंजनात," तो म्हणाला. आवाज हळू होता. "मले खोटं पाडाले."

"मी हातबी नाई लावला, भाऊ."

पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर येताना मी डावा हात वर केला, आणि कोपरातून वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. मी चिखलात पडलो. हात माझ्या अंगाला होता, पण माझा नव्हता. तिसरा पाठीत बसला. तोंडात चिखल गेला, श्वास येईना. तो वरून मारत होता आणि प्रत्येक घावाला एकच म्हणत होता, "मोज आता. मोज आता."

मग वहिनीचा आवाज आला. "सोडा त्यायले."

त्यानं वळून पाना फिरवला. तो तिला लागला नाही, पण धक्क्यानं ती मागं पडली. ती उठली तेव्हा तिच्या हातात कावड होती, पऱ्ह्यांच्या जुड्या वाहायचा जाड बांबू. तिनं तो भाऊच्या गुडघ्यामागं हाणला. तो खाली बसला. दुसरा घाव मानेवर घातला. तो तोंडावर पडला. तिनं कावड टाकली, त्याच्या पाठीवर गुडघा रोवला, दोन्ही हातांनी त्याचे केस धरले आणि तोंड चिखलात दाबलं.

ती ओरडली नाही, रडली नाही. भाऊचे हात चिखल थोपटत होते, पाय झाडत होते. ती आपलं सारं वजन हातांवर टाकून बसून राहिली. तिचं ते तोंड मी आधी कधी पाहिलं नव्हतं. धान कांडताना बाईचं असतं तसं, कामात गुंतलेलं. चिखलातून बुडबुडे आले. मग बुडबुडे कमी झाले.

बाया धावून आल्या. त्यांनी तिला काखेतून धरून ओढलं, पण ती हलली नाही. मी एका हातानं सरपटत तिच्यापर्यंत गेलो आणि तिचा पाय धरला.

"वयनी, मरून जाईन तो."

"मरू दे, भाऊजी," ती म्हणाली. साध्या आवाजात. "मले थकवा आला."

तेवढं बोलली आणि हात आपोआप ढिले पडले. बायांनी भाऊला उताणं केलं. मघाशी पडलेल्या म्हातारीनं त्याच्या तोंडात बोटं घालून चिखल काढला आणि छातीवर गुद्दे घातले. बऱ्याच वेळानं त्यानं ओकारी केली. काळा चिखल, पाणी आणि सकाळचा चहा.

आम्हा दोघांना एकाच ट्रॉलीत टाकून अर्जुनीच्या दवाखान्यात नेलं. वाटेभर तो माझ्या शेजारी पडून घरघरत होता, आणि प्रत्येक खड्ड्याला आम्ही दोघं एकदमच विव्हळत होतो. माझ्या कोपरात लोखंडी पट्टी टाकायला पुढे गोंदियाला जावं लागलं. दवाखान्यात पोलीस आला. त्यानं भाऊला विचारलं.

"घसरलो," भाऊ म्हणाला.

"मी दाबलं त्यायचं तोंड," वहिनी म्हणाली. ती दारात उभी होती, लुगड्यावरचा चिखल वाळून पांढरा झालेला. "आणि भाऊजीचा हात यायनं तोडला. दोन्ही लिहून घ्या."

पोलिसानं भाऊकडे पाहिलं. भाऊनं डोळे मिटले. "बाई घाबरली हाय, साहेब. मी घसरलो. हा बी घसरला." पोलीस माझ्याकडे वळला. मी वहिनीकडे पाहिलं. भाऊ मरता मरता वाचला होता, आणि गुन्हा लिहिला गेला असता तर तिच्यावरच मोठा. मी म्हणालो, हो, घसरलो. वहिनी माझ्यावर कितीतरी दिवस नाराज होती.

इंजिन अर्जुनीच्या मिस्त्रीकडे उघडलं. भाऊ पायाला पट्ट्या बांधून स्टुलावर, माझा हात गळ्यात, आणि वहिनी सोबत आली होती. यायचं तिचं काही काम नाही, असं भाऊ म्हणाला होता, पण ती बसमध्ये चढून बसली. मिस्त्रीनं उरलेलं तेल तगारीत ओतलं. ते पाण्यासारखं धावलं. तेलात धातूचा चुरा चमकत होता. त्यानं आतल्या बेअरिंगच्या वाट्या काढून दाखवल्या, जिभेचं साल निघावं तशा सोललेल्या.

"डिझेल भर गया अंदर," तो म्हणाला. "तेल काऊन नाई बदललं, भाऊ?"

वहिनी पुढे झाली.

"आता कोणतं टाकाचं ते सांगा."

मिस्त्री भाऊकडे पाहून सांगायला लागला. ती म्हणाली, "इकडं पाहा. मी विचारून राहिली."

मग त्यानं तिला सांगितलं. खुलं तेल कधीच नको, सीलचा डबा पाहिजे. नंबर पुस्तकातलाच, कोणी भारी म्हणून दुसरं दिलं तरी नाही. फिल्टर दरवेळी सोबत. पुस्तकात तास लिहिले आहेत ते कोरड्या साध्या कामाचे, चिखलात इंजिन जास्त राबते, म्हणून त्याच्या आधीच बदला. आणि पट्टी रोज सकाळी पाहा. कमी झालं तरी घाबरा, वाढलं तरी घाबरा.

"आमचं तासांचं मीटर यायनं फोडलं," वहिनी म्हणाली. "आमी कामानं मोजू. रोवण्याच्या आधी एकदा. रोवणा आटपला का पोळ्याच्या आधी एकदा. धानाचं चुरणं अर्ध्यावर आलं का एकदा. उन्हाळी धान लावलं तं आणखी एकदा. चालते?"

मिस्त्रीनं हिशेब मनातल्या मनात केला आणि म्हणाला, "चालते, बाई. बढिया चालते."

इंजिन बांधून झालं तेव्हा चावी तिनं घेतली आणि कमरेला खोचली. वाटेत बसमध्ये भाऊ एवढंच म्हणाला, "चावी दे." ती खिडकीबाहेर पाहत होती.

यानंतर तो सुधारला, असं लोकांना सांगायला मला आवडलं असतं. हिवाळ्यात धान चुरण्याच्या, मळणीच्या दिवसांत त्यानं तिला पुन्हा मारलं. तेल बदलल्याशिवाय ती चावी देईना, आणि दारात लोक थांबलेले. त्यानं तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. भुवई फाटली. मी एका हातानं त्याला धरलं, तर त्यानं मलाही ढकललं. वहिनीनं कपाळाला फडकं बांधलं, पायात चपला घातल्या आणि चावी घेऊन गेली. कामठ्याला.

ट्रॅक्टर दारात उभा राहिला. लोक आले आणि गेले, दुसऱ्या गावचे ट्रॅक्टर आणले. तार जोडून सुरू करता आला असता, मीच करून दिला असता, पण भाऊनं सांगितलं नाही आणि मी हात लावला नाही. तो बैठकीत बसायचा, उठून ट्रॅक्टरपर्यंत जायचा, टायरला लाथ घालायचा आणि परत यायचा. एका दिवशी स्वतःच्याच कपाळावर मुठी मारत होता. मग एका सकाळी अर्जुनीची बस धरून कामठ्याला गेला.

तिथं काय झालं ते मला वहिनीनंच सांगितलं. तिचे भाऊ अंगणात काठ्या घेऊन उभे होते. तिनं त्यांना काठ्या भिंतीला लावायला सांगितल्या. आमच्या भाऊनं रडायला सुरुवात केली. ती म्हणाली, "रडू नका. रडून झालं का तुमी पुन्हा मारता. मी येते. पण आता मारलं तं मी चिखलाची वाट नाई पाहणार. तुमी झोपता ना घरात?" यानं नाक पुसलं आणि विचारलं, "तेलाचा डबा घेऊन जाऊ का वाटेतून?"

दुसऱ्या दिवशी तोच ट्रॅक्टरखाली शिरला. इंजिन गरम करून नट सोडला, तेल मनगटावरून वाहिलं, हात भाजला. वहिनी तगारी धरून उभी होती. मी फिल्टर दिलं.

त्यानंतर त्यानं तिच्यावर हात उगारला, पण पाडला नाही. हात हवेत थांबतो, आणि मग भाऊ बाहेर निघून जातो. कधी बाभळीवर कुऱ्हाड चालवत बसतो. भाऊ आतून तोच आहे. माझा कोपर सरळ होत नाही. ट्रॅक्टर मीच चालवतो, उजव्या हातानं.

परवा अर्जुनीच्या दुकानदारानं नवं तेल दाखवलं, दुप्पट दिवस चालते म्हणाला. भाऊनं घरी येऊन तेच घ्यायचं ठरवलं. वहिनी म्हणाली, पुस्तकातल्या नंबरचं असलं तर घेऊ, पण बदलायचं पोळ्याच्या आधीच, दुप्पट चालो का चौपट. तो म्हणाला, मग भारी घेऊन फायदा काय? ती म्हणाली, मग घेऊ नका. त्यानं हातातला पाण्याचा गिलास भिंतीवर फेकला. गिलास चेपला, पाणी उडालं, माझ्या जेवणाच्या ताटात शिंतोडे आले.

वहिनी भाकर थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"उचला तो गिलास," ती म्हणाली.

भाऊच्या मानेची शीर उडत होती. मग तो वाकला, गिलास उचलला, अंगठ्यानं आतून दाबून चेप काढायला लागला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तू जाशीन ना उद्या अर्जुनीले? आपलं नेहमीचंच तेल आण."